कुंदा कुणी घरी करतं काय गं?

पत्र : काकू, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडं आहे. टिळकवाडीतली आमची गल्ली, ऑफिसातल्या मैत्रिणी आणि नातेवाईक मिळून ४० बायका तरी होतील. मी कॅम्पात नोकरीला आहे. साडेपाचला सुटते, सहाला पहिली बाई दारात असेल. रजा शिल्लक नाही. म्हणून सामोसे, ढोकळा, कुंदा, तिळाच्या वड्या, सगळं विकतच आणायचं ठरवलंय. पण निपाणीहून माझ्या मोठ्या जाऊबाई येणार आहेत. त्यांच्याकडं चिरोटेसुद्धा घरी होतात. मागं एकदा मी खोक्यातनंच पॅटीस वाढले, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘आमच्याकडं बाई खोकी उघडायला शिकवलंच नाही कुणी.’ ते अजून डोक्यातनं जात नाही. विकतचंच, पण घरी केल्यासारखं दिसेल असं कसं वाढू? आणि कुंदा कुठल्या दुकानाचा घेऊ?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

तुझ्या जाऊबाईंचं वाक्य झकास आहे हां. माझ्यावर आलं असतं तर मीही चिडले असते आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हसले असते.

आता मला एक सांग. तुझ्या माहेरी, सासरी, शेजारी, अख्ख्या बेळगावात कुंदा घरी करणारी बाई तू किती पाहिलीस? दूध तासन् तास ढवळत, आटवत, साखर घालून तांबूस रंगावर आणायचं, कणी सुटेपर्यंत गॅससमोरून हलायचं नाही. मी सत्तरीला आले, मला अशा दोघीच भेटल्या, आणि त्यातल्या एकीचा कुंदा पातेल्याला लागला होता. मांड्यांचं तसंच. उपड्या खापरावर रुमालाएवढा मांडा भाजणं हे कसबी हातांचं काम, म्हणून लग्नात ते सांगूनच करवून घेतात. गोकाकचा करदंट, म्हणजे ती डिंकाची वडी, तीही दुकानातनंच येते. कुंदा वाढताना कुणी यजमानीण ओशाळलेली मी बघितली नाही. उलट ‘अमक्याकडचा आहे’ असं मान वर करून सांगतात. म्हणजे विकतचं वाढणं आपल्या गावाला नवं नाही. तुझ्या जाऊबाईंनाही कुंदा विकतचाच चालत असणार, विचारून बघ.

त्या दिवशी तुझं चुकलं असेल तर ते खोक्यापाशी. पुठ्ठ्याला तेलाचे डाग, आत एकमेकांवर रेललेले पॅटीस, शेजारी रबर लावलेली लाल चटणीची पिशवी. पॅटीस चांगले असतील, पण असं पुढं आल्यावर ‘उरकलं एकदाचं’ हेच आधी दिसतं.

पण ‘घरी केल्यासारखं दिसेल असं’ हे तू जे लिहिलं आहेस ना, तिथं मी तुला अडवणार. त्याची शिक्षा मी भोगलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडं मोठं हळदीकुंकू होतं. शेंगाच्या पोळ्या मी वडगावातल्या एका बाईकडनं करून आणल्या, घरच्या डब्यात भरल्या, वर तुपाचा हात फिरवला, आणि कुणीतरी विचारलं तर बिनदिक्कत सांगितलं, ‘घरच्याच की.’ कोपऱ्यात एक बाई शांतपणे पोळी खात होती. निघताना माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता हळूच म्हणाली, ‘वैनी, गूळ थोडा जास्त झालाय. पुढच्या वेळी कमी घालायला सांगते तिला.’ ती पोळीवालीची नणंद होती. एवढंसं आहे गं आपलं बेळगाव, इथं विकतचं घरचं म्हणून खपत नाही.

तेव्हा विचारलं तर सरळ सांगायचं. मेहनत घ्यायची ती वाढण्यावर.

आधी तुझ्या यादीतले सामोसे काढून टाक. हळदीकुंकू म्हणजे वाढदिवस नव्हे, की सगळ्या एकदम आल्या, खाल्लं आणि गेल्या. चार येतात, दोन निघतात, मग एकदम सात जणी जिन्यात, असं सहापासून साडेआठपर्यंत चालतं. सामोसा तळल्यापासून अर्ध्या तासातच मऊ पडायला लागतो. मायक्रोवेव्हमध्ये घातलास तर आतल्या वाफेनं पापुद्रा चामड्यासारखा होतो. ओव्हनमध्ये १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवला तर बऱ्यापैकी कुरकुरीत होतो, हे खरं. पण दर घोळक्यामागं ओव्हन लावत बसलीस तर हळदकुंकू कोण लावणार? जे तीन तास टिकतं तेच निवडायचं, गरम म्हणून एखादाच पदार्थ ठेवायचा.

माझ्या डोळ्यांसमोर तुझी ताटली अशी येते : कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, ढोकळ्याचे दोन तुकडे आणि कुंदा. बरोबर गरम मसाला दूध. हातात तिळाची वडी न् हलवा.

भाकरीचं नाव वाचून नाक मुरडू नकोस. बायका सामोसा कुठंही खातात. पण संक्रांतीत तीळ लावलेली बाजरीची किंवा ज्वारीची पातळ कडक भाकरी हे आपल्या या भागाचं खास खाणं आहे. तुझ्या कन्नड शेजारणींच्या घरी तर या सणाला ती असतेच, त्या तिला ‘खडक रोट्टी’ म्हणतात. घरगुती भाकऱ्या करणाऱ्या बायकांकडं आणि बचत गटांकडं चवडच्या चवड मिळते, आठवडाभर काही होत नाही. २० भाकऱ्या पुरेत, माणशी अर्धी. दोन-तीन जास्त घे, वाटेत मोडतातच.

आदल्या रात्री भाकऱ्यांचे हातानं तुकडे करून ठेव, साधारण तळहाताएवढे. सुरी लावू नकोस, वेड्यावाकड्या मोडलेल्या कडाच छान दिसतात. हवेनं नरमल्या असतील तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करायच्या, गार झाल्या की परत खडखड वाजतात. बुरुडाकडची परडी किंवा घरात असलेलं छोटं सूप घे, त्यात इरकल साडीचा जुना तुकडा किंवा पांढरं धुतलेलं फडकं अंथर आणि तुकडे आडवे न रचता उभे खोच. पसरट थाळीत हेच तुकडे पापडाच्या चुऱ्यासारखे दिसतात.

चटणी पुडीची असली तरी पुडीतनं थेट वाढायची नाही. अर्धा किलो शेंगाची चटणी आणलीस तर त्यातली पाऊण चटणी परातीत काढ, ठेचलेल्या चार-पाच लसूण पाकळ्या आणि दोन चमचे कच्चं शेंगतेल घालून हातानं चोळ. दोन मिनिटांत रंग खुलतो, वास तर विचारूच नकोस. उरलेली पाव चटणी तशीच वेगळ्या वाटीत ठेव, मात्र आणतानाच बिनलसणाची घे, बहुतेक ठिकाणी दोन्ही मिळतात. आपल्या गल्ल्यांत जैन बिऱ्हाडं असतातच. त्यातल्या बऱ्याच बायका सूर्यास्तानंतर खात नाहीत आणि जानेवारीत आपल्याकडं साडेसहाच्या आत दिवस मावळतो. तेव्हा त्यांना आग्रह करून अवघडवू नकोस. तिळाची वडी आणि करदंटाची पुडी नेण्यासाठी बांधूनच ठेव. करदंटाचं पुढं सांगते.

दही दोन किलो लागेल. त्यासाठी खानापूरचं मातीचं गाडगं घे. खानापूरच्या मातीकामाचं नाव आहे, तिथं ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा आहे. नवं गाडगं असेल तर तासभर पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर दह्यातलं पाणी ते पिऊन टाकतं आणि दह्याला मातीची चव येते. वाढताना द्रोणात एक पळी दही, मध्ये बोटानं खळगा, खळग्यात चिमूटभर चटणी. एवढंच. वर कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, शेव असलं काही भुरभुरू नकोस. हल्ली पोह्यांपासून बासुंदीपर्यंत सगळ्यावर डाळिंबाचे दाणे टाकायची साथ आली आहे, मला तिचा कंटाळा आलाय.

आता ढोकळा. दुकानातला ढोकळा सकाळी आणला की संध्याकाळपर्यंत कोरडा पडून घशात अडकतो. म्हणून आणल्या आणल्या ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचा. सगळ्या २ किलोला एकदम हात लावू नकोस. निम्मा पहिल्या घोळक्यासाठी, निम्मा साडेसातला. चाळणीत घालून मोदकपात्रात पाच मिनिटं वाफ दे. तोवर फोडणीच्या कढल्यात तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता, उभ्या चिरलेल्या मिरच्या आणि संक्रांत आहे म्हणून चमचाभर तीळ. तीळ शेवटी घाल, उडतात ते. त्याच फोडणीत कपभर पाणी, चमचाभर साखर, चवीला मीठ, उकळी आली की गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस, आणि हे सगळं गरम ढोकळ्यावर ओतायचं. मूळचा ढोकळा कुणाचाही असो, अर्धी चव या फोडणीची असते, आणि ती तू केलेली असतेस.

ही फोडणी जाऊबाईंच्या हाती दे असं मी सुचवेन. मस्करी करत नाही मी. त्या आल्या की हळदकुंकू लावायचं, तीळगूळ द्यायचा आणि म्हणायचं, ‘जाऊबाई, ढोकळा आणलेला आहे, फोडणी तुमच्या हातची पाहिजे. माझी मोहरी नेहमी करपते.’ ज्या बाईला चिरोटे येतात तिला सोफ्यावर बसवून ठेवलं तर ती तुझ्या ताटलीतल्या खोडी काढणार नाहीतर काय करणार?

कुंद्याकडं यायला उशीर केला, कारण त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ४० जणींना दीड किलो पुरतो, माणशी ३५-४० ग्रॅम म्हणजे दोन चमचे. कुंदा गोड असतो, लोक आवडीनं खातात पण थोडाच खातात. मोठा ढीग घातलास तर निम्मा ताटलीत राहील. फ्रिजमधला असेल तर तासभर आधी बाहेर काढ, थंडीनं त्याची कणी आवळलेली असते. त्यावर वर्ख, चेरी, टूटीफ्रूटी यातलं काही नको. पिस्त्याचे कापही मी घालत नाही. कुंद्याचा तो भाजल्या दुधाचा तपकिरी रंगच त्याचा दागिना आहे, तो झाकला की उरते ती कुठलीही मिठाई.

हा रंग उठून दिसायला खाली हिरवं पाहिजे. गणपत गल्लीत बाजाराला गेलीस की केळीची दोन-तीन पानं घे. आदल्या रात्री ओल्या फडक्यानं पुसायची आणि गॅसच्या मंद ज्योतीवरून भरभर फिरवायची. फिक्या पोपटी पानावर ज्योत जाईल तिथं गडद, तुकतुकीत हिरवा पट्टा उमटत जातो, तेलाचा हात फिरवल्यासारखा, आणि पान मऊ पडतं. मग ते वाकवलं तरी फाटत नाही. कात्रीनं चार-चार बोटांचे चौकोन कापून ओल्या फडक्यात ठेव. ताटलीत आधी पानाचा चौकोन, त्यावर कुंदा. घरात मोदकाचा छोटा साचा असेल तर त्याला तुपाचं बोट लावून कुंदा दाबून भर आणि पानावर उपडा कर. कुंदा फार ओलसर असेल तर साचा धरत नाही, मग आइस्क्रीमचा चमचा कोमट पाण्यात बुडवून गोळा काढायचा. हे मोदक तू दुपारी, म्हणजे सासूबाईंनी किंवा मुलीनं, परातीत तयार करून झाकून फ्रिजमध्ये ठेवले तरी चालतात. ताटलीत एक जागा रिकामी राहील असं वाढ. कडेपर्यंत भरलेली ताटली पंगतीत शोभते, हातात धरून उभ्यानं बोलणाऱ्या बाईला ती सांभाळत नाही.

ताटल्या कुठल्या? सुपारीच्या पानांच्या घे. कप्पे पाडलेल्या थर्माकोलच्या नकोत, त्यांच्यात वाढलेलं अमृतसुद्धा मंगल कार्यालयातल्या जेवणासारखं दिसेल. घरात पितळी तबकं असतील तर ती चिंच लावून घास आणि त्यांच्यातनं ताटल्या फिरव. आणि कुणी काही तळून आणलं तर वर्तमानपत्रावर काढू नका गं. शाईमुळं त्यात खाणं बांधायला नियमानंच मनाई आहे, तरी आपण भजी दिसली की पेपर शोधतो.

मसाला दुधाला माणशी १०० मिली धर, म्हणजे ४ लिटर. वेलदोडा, जायफळ आणि सुंठ घाल. हे एवढं मात्र घरी कर, कारण त्यात करायचं काही नसतं, नुसतं लक्ष ठेवायचं असतं. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांना आपण कट्ट्यावर पिटाळतो. यंदा तुझ्या नवऱ्याला पिटाळू नकोस, दुधाशेजारी उभा कर. उतू गेलं तर काय करायचं तेही त्यालाच निस्तरू दे. ओटी भरायला थोडाच जाणार आहे तो.

खरेदी तीन खेपांत कर. भाकऱ्या, चटणी, हलवा, तिळाच्या वड्या, करदंट हे टिकाऊ सामान तीन-चार दिवस आधी. कुंदा आदल्या दिवशी. दही आणि ढोकळा त्या दिवशी सकाळी. कुंदा घेताना ताटाजवळ लावलेली तारीख बघ. सुट्या मिठाईशेजारी ती कधीपर्यंत खावी हे लिहून लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानांना बंधनकारक आहे. नसेल तर विचारायचं, लाजायचं नाही. मी एकदा लाजले आणि वास येणाऱ्या पेढ्यांनी भरलेला डबा घेऊन घरी आले. दही न् दुधाचं काही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नकोस. गाडग्यात थोडं थोडं काढ, बाकीचं फ्रिजमध्ये.

वाणाचं तू काही विचारलं नाहीस, पण प्लॅस्टिकच्या डब्या घेणार असशील तर थांब. माझ्या कपाटात अशा तेवीस डब्या आहेत, परवाच मोजल्या. त्यापेक्षा करदंट दे. नावातच त्याची कृती आहे : कन्नडात ‘करिद’ म्हणजे तळलेलं आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक. तळलेला डिंक, गूळ, सुकं खोबरं आणि सुकामेवा. थंडीचंच खाणं. मोठी वडी आणून गरम केलेल्या जाड सुरीनं एकेका घासाचे तुकडे कर. थंड सुरीनं कापायला गेलीस तर त्याचा चुरा होतो आणि मनगटही दुखतं. तीन तुकडे बटर पेपरात गुंडाळून हळदीनं रंगवलेल्या दोऱ्यानं बांधायचे. जैन शेजारणींसाठी म्हणाले ती पुडी हीच. पाठवण्याआधी त्यांना चालतं ना, हे तेवढं विचारून घे.

तिळाच्या वड्याही सगळ्या एकदम डब्यातनं काढू नकोस. तबकात मध्यभागी हलव्याची रास, तिला तुझ्या शेजारणी ‘कुसुरेळ्ळु’ म्हणतील. भोवती वड्या, कडेला हळदीकुंकवाचा करंडा. पांढऱ्या हलव्याशेजारी तिळाची पिवळट वडी बघितलीस की वेगळी सजावट सुचणारच नाही.

त्या दिवशीचं तुझं काम आता मोज. आदल्या रात्री भाकरी मोडणं, पानं शेकणं, चटणी चोळणं, सगळं मिळून तास-सव्वा तास. दुपारी कुंद्याचे मोदक कुणीतरी करेल. तू पावणेसहाला घरी आलीस की साडी बदलायची, गजरा माळायचा आणि मोदकपात्राखाली गॅस लावायचा. जाऊबाई आल्या की कढलं त्यांच्या हातात.

त्यांनी परत काही टोमणा मारलाच तर गप्प बसू नकोस आणि भांडूही नकोस. ‘होय की जाऊबाई, आणलंय. भाकरी आवडली तर पत्ता देते’ म्हण. त्यांच्यासाठी पाच-सहा भाकऱ्या आणि थोडी चटणी बाजूला बांधून ठेव. निपाणीला जाताना नको म्हणतील, पण नेतील.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, कुंदा कुठल्या दुकानाचा घ्यावा. माझं उत्तर ठरलेलं आहे, गेली पन्नास वर्षं बदललेलं नाही. पण ते मी इथं छापणार नाही. मला अजून याच गावात राहायचंय.